मोज पुरी

आम्ही सख्खी-चुलत भावंडं अकरा, पण आमच्या घरातली मोज बाराची. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो बोटांवर मोजायला लागतो आणि कुठेतरी चुकतंय म्हणतो. कराडच्या आमच्या घरात वाढलेल्या कुणालाही त्यात चूक दिसत नाही. ती मोज आप्पांनी, म्हणजे माझ्या मधल्या काकांनी, ठरवलेली आहे, आणि मोजण्याच्या बाबतीत आप्पांच्या शब्दापुढे आमच्या घरात दुसरा शब्द नव्हता.

आप्पा गेले त्याच्या तेराव्या दिवशी आम्ही सगळे माडीवर जमलो. त्यांनी देहदान केलं होतं आणि दिवस करू नका असं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. त्यामुळे नदीवर जाणं नव्हतं, पिंडदान नव्हतं. एकत्र जेवायचं आणि एक रात्र एका छपराखाली झोपायचं, एवढंच ठरलं होतं. पुण्याहून, कोल्हापूरहून, ठाण्याहून भावंडं आली. सगळ्यात धाकटा अमेरिकेत, त्याला येता आलं नाही, तो फोनवर होता. जेवणं उरकली, गाद्या पडल्या, दिवे मालवायची वेळ झाली, आणि जिन्यावर माईची, आप्पांच्या बायकोची, पावलं वाजली.

एकोणऐंशी वर्षांची माई एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन वर आली. दारात उभी राहून तिनं एकेका गादीवर उजेड टाकला. "लाभ, दोन, तीन, चार..." आमच्यातली बहुतेक आता आजी-आजोबा झालेली. कुणी हललं नाही. लहानपणी पडून राहायचो तशी आम्ही डोळे मिटून गप्प पडून राहिलो. उशाशी ठेवलेल्या फोनला तिनं अकरावा धरलं. खिडकीखाली पाटणकडून आलेली आमची बहीण होती, तिच्याशी आमचं रक्ताचं नातं नाही. तिच्यावर बॅटरी थांबली. "बारा. पुरी." माई खाली गेली.

त्यानंतर झोप कुणालाच लागली नाही. पहाटेपर्यंत आम्ही बोलत होतो. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं दुरुस्त करायची, तिसऱ्यानं त्यात स्वतःचं घालायचं. इथं जे लिहितेय ते त्या रात्रीचं आहे, आमचं सगळ्यांचं आहे. लिहायचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

आप्पांचा जन्म 1932 चा. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढचं शिक्षण पुण्याला, बी. जे. मेडिकलमध्ये. तिथं 1946 साली पदवीचं कॉलेज सुरू झालं होतं आणि आप्पा गेले तेव्हा त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. एम.एस. करून ते ससूनमध्ये काम करत असतानाच 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. "पाणी ओसरल्यावर काम सुरू होतं," एवढंच म्हणत. पुढच्या वर्षी ते कराडला परत आले.

परत का आले, हे त्यांना पुष्कळांनी विचारलं. पुण्यात त्यांचं चांगलं चाललं असतं. ते उत्तर म्हणून मिरजेच्या गाडीची गोष्ट सांगायचे. आमच्या भागात तेव्हा मोठं ऑपरेशन म्हणजे मिरज. डॉ. वानलेस यांनी 1894 साली तिथं मिशनचं हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून लोकांच्या तोंडी तेच नाव. पाटण, ढेबेवाडीच्या खोऱ्यातला माणूस पोट धरून बैलगाडीनं कराडला यायचा आणि इथून मीटर गेजच्या गाडीत बसून मिरजेला जायचा. गाडी चुकली तर स्टेशनवरच्या बाकावर रात्र काढायची. शाळकरी आप्पांनी त्या बाकावर आपल्या शेजारच्या माणसाला तळमळताना पाहिलं होतं. सकाळच्या गाडीपर्यंत तो माणूस राहिला नाही. "अपेंडिक्स असेल," आप्पा म्हणायचे. "अर्ध्या तासाचं काम."

वाड्याचा पुढचा सोपा आणि त्यालगतच्या दोन खोल्या दवाखान्याला दिल्या. मागं माजघर, वर माडी, त्यामागं परडं. तीन भावांचे संसार एकत्र. थोरले काका शाळेत मास्तर, मधले आप्पा, धाकटे माझे वडील पोस्टात. आजी सगळ्यांच्या वर. ऑपरेशनची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. आम्हा भावंडांना फोडणीचा वास आणि ईथरचा वास एकाच वेळी आठवतो. ईथर पेट घेतं, म्हणून ते चालू असताना शेजारच्या चुलीतला जाळही आजी ओढून घ्यायची. सोप्यात भूल दिली की घरातला स्वयंपाक थांबायचा. उशिरा जेवायला मिळालं म्हणून कुणी कुरकुर केल्याचं आम्हाला आठवत नाही. एका माणसाचं पोट उघडलेलं असताना दुसऱ्यानं आपल्या पोटाचं बोलू नये, असं आजी सांगायची.

वीज बेभरवशाची. कंदील, पेट्रोमॅक्स ईथरजवळ न्यायची सोय नाही. मग आप्पांनी मोटारीची बॅटरी आणि तिच्यावर चालणारा हेडलाइटचा दिवा एका लाकडी दांड्याला बसवून घेतला. तो दांडा धरायचं काम कंपाउंडरकाकांचं. पाठीतून भूल दिलेली असेल तर रोगी जागा असायचा, आणि आप्पा काम करता करता त्याच्याशी गप्पा मारायचे. बैल किती, त्यांची नावं काय, ऊस कुठल्या कारखान्याला जातो. भिंतीपलीकडे अभ्यास करणाऱ्या आम्हाला पंचक्रोशीतल्या बैलांची नावं पाठ झाली होती.

माईचं आणि मोजीचं नातं त्या पहिल्या वर्षापासूनचं. शिकलेली नर्स कराडला यायला तयार नव्हती. माई तेवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. आप्पांनी तिला विचारलं, "तुला मोजता येतं ना?" तिला हसू आलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात रक्त टिपायला गॉजचे तुकडे आणि मोठे मॉप घालतात. रक्तात भिजले की ते आतल्या आतड्यासारखेच दिसतात. एक जरी आत राहिला तर माणूस आज घरी जातो आणि महिन्यांनी, वर्षांनी मरायला टेकतो. म्हणून तीनदा मोजायचं. सुरू करण्याआधी, पोटाचं आतलं अस्तर शिवण्याआधी, आणि कातडी शिवण्याआधी. मोज पुरी झाल्याशिवाय शिवायचं नाही.

माईचं माहेर शेतकऱ्याचं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात, हे तिच्या जिभेवरच होतं. पहिल्या ऑपरेशनला तिनं गॉज मोजले तेही "लाभ, दोन, तीन" असेच. आप्पांनी तिला थांबवलं नाही. पुढे शिकलेल्या सिस्टर आल्या, त्या पुण्या-मुंबईच्या पद्धतीनं मोजायला लागल्या. थोड्याच दिवसांत त्याही "लाभ" म्हणायला लागल्या. आप्पा मान वर न करता विचारायचे, "मोज?" टेबलापलीकडून उत्तर यायचं, "पुरी." मग आप्पा म्हणायचे, "मग शिवतो." हे चार शब्दांचं बोलणं आम्ही भिंतीआडून किती वेळा ऐकलं असेल! आमच्या भातुकलीतही पोळ्या वाढण्याआधी कुणीतरी "मोज?" म्हणायचंच.

दुपारी माजघरात गॉजच्या घड्या घालायला घरच्या सगळ्या बायका बसायच्या. एका बाजूला तांदूळ निवडणं, दुसऱ्या बाजूला कापडाचं थान. सुताचे धागे सुटू नयेत म्हणून कडा आत दुमडायच्या. दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. मॉप माई मशिनवर शिवायची, चार पदरी, कोपऱ्याला नाडी. नाडी पोटाबाहेर ठेवून तिला चिमटा लावतात. आम्ही त्यांना शेपटीवाले म्हणायचो. हात स्वच्छ धुऊन आल्याशिवाय कुणाला त्या सतरंजीवर पाय ठेवता येत नसे. ताईला घड्या घालायच्या, मला गठ्ठे बांधायचे, आणि प्रत्येक गठ्ठा दोघांनी वेगवेगळा मोजायचा. "एकानं मोजलेलं अर्धं मोजलेलं," असं आप्पा सांगायचे.

मुलग्यांकडे हातमोजे. तेव्हा रबरी मोजे टाकून देत नसत. धुवायचे, फुंकर मारून फुगवायचे आणि बादलीतल्या पाण्यात बुडवायचे. बुडबुडा आला की भोक. चांगले निघालेले दोरीवर वाळत घालायचे, मग पावडर लावून जोड्या लावायच्या. दादा म्हणाला, "पंचमीला सगळ्या गावात पतंग, आणि आमच्या परड्यात हातमोजे." घड्या, मोजे सगळं पत्र्याच्या ड्रममध्ये भरायचं. त्या ड्रमच्या अंगाला भोकं असतात आणि सरकती पट्टी. वाफ आत शिरायला पट्टी उघडी ठेवायची, बाहेर काढलं की लगेच बंद करायची. रॉकेलच्या स्टोव्हवर ऑटोक्लेव्ह चढायचा, काटा पंधरा पौंडांवर गेला की घड्याळ लावायचं. काट्यावर नजर ठेवून बसण्याचा मान ज्याच्या वाट्याला येई त्याचा त्या दिवशी तोरा वेगळाच असे.

कराडला तेव्हा रक्तपेढी नव्हती. आप्पांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर घरातल्या आणि आळीतल्या मोठ्या माणसांचे रक्तगट. रात्री-अपरात्री माझ्या वडिलांना उठवलं जायचं, ते रक्त देऊन यायचे, दूध पिऊन झोपायचे आणि सकाळी दहाला पोस्टात हजर. आमच्यातलं कुणी अठरा वर्षांचं झालं की त्या दिवशी आप्पा त्याचा रक्तगट तपासायचे आणि स्वतःच्या हातानं कागदावर नाव लिहायचे. वाढदिवसाचं दुसरं काही मिळायचं नाही. पण त्या कागदावर नाव चढलं की आपण घरातल्या मोठ्या माणसांत आलो असं वाटायचं. धाकटा फोनवरून म्हणाला, "परदेशात पहिल्यांदा रक्तदानाला गेलो तेव्हा मला कपाटाचं दार दिसत होतं."

आता बारावीची गोष्ट.

11 डिसेंबर 1967, सोमवार, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. मी नऊ वर्षांची. पहिल्यांदा भांडी वाजली, मग माडीच्या तुळया. आजीनं ओरडून सगळ्यांना परड्यात काढलं. थंडी कडाक्याची, वीज गेलेली. तेव्हा आम्ही भावंडं आठ होतो. आप्पांनी बॅटरी लावून आठ तोंडं मोजली, आजीला म्हणाले, "मोज पुरी आहे," आणि उलट्या पावली सोप्यात गेले. तिथं पाच रोगी होते. कंपाउंडरकाका आणि थोरले काका यांना घेऊन त्यांनी पाचही खाटा अंगणात आणल्या. त्यातली एक बाई आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेली. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं. त्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली आणि जखमींची गणती त्याच्या कितीतरी पट. दिवस उजाडल्यावर पाटणच्या बाजूनं ट्रक यायला लागले. सरकारी दवाखाना भरला आणि आमचं अंगणही. जमीन अधूनमधून हलतच होती, छपराखाली काम करणं धोक्याचं, म्हणून अंगणात ताडपत्री बांधून आप्पांनी टेबल बाहेर आणलं. गॉज संपले. आजीनं थोरल्या आत्याच्या लग्नासाठी आणून ठेवलेली कोरी धोतरं पेटीतून काढली आणि कात्री माईच्या हातात दिली. ती धोतरं आम्ही फाडली, घड्या घातल्या, मोजल्या. माई तीन दिवस टेबलापासून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी एका ट्रकमधून चारेक वर्षांची मुलगी उतरवली. हात मोडलेला, डोक्याला खोक, बरोबर कुणी नाही. आप्पांनी खोक शिवली, हाताला प्लास्टर घातलं. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. रात्री आम्ही परड्यात कनातीखाली झोपायचो, आजीनं तिला माझ्या आणि ताईच्या मध्ये निजवलं. रात्री आप्पा आले. बॅटरीचा उजेड एकेका तोंडावरून सरकला. आठ झाले. तिच्यावर थांबून ते म्हणाले, "नऊ." मग माईला म्हणाले, "आता मोज नऊची."

आठ-दहा दिवसांनी तिचा मामा शोधत आला. आई-वडील गेले होते. मामानं तिला नेलं, चांगलं वाढवलं. पण त्या वर्षापासून दर भाऊबीजेला ती आमच्याकडे येते. पुढे आमच्यात तीन भावंडांची भर पडली आणि मोज बारावर येऊन थांबली. ती नसली तरी आप्पा रात्री अकरा मोजून "आणि पाटणची एक" म्हणायचे आणि मगच बॅटरी बंद करायचे. त्या तेराव्याच्या रात्री ती म्हणाली, "घर पडल्यावर मला पहिल्यांदा मोजलं ते आप्पांनी." बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आप्पांना मोजण्याचं हे एवढं का, याचं एक कारण आम्हाला मोठेपणी माईकडून कळलं. कराडला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांच्याकडे एक शेतकरी आला. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे पोटाचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून दुखणं, ताप, वजन उतरलेलं. आप्पांनी पोट उघडलं तर आत गॉजचा गोळा. त्यांनी तो काढला, माणूस बरा झाला. बरं झाल्यावर त्याला समोर बसवून काय सापडलं ते खरं सांगितलं. आणि एका रविवारी एस.टी.नं त्या डॉक्टरांच्या गावी जाऊन, दार लावून, त्यांनाही सांगितलं. ते डॉक्टर कोण, कुठले, हे आप्पांनी माईलाही कधी सांगितलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "तो माझ्यापेक्षा हुशार आहे. त्या रात्री त्याच्याजवळ मोजायला कुणी नव्हतं." त्यानंतर त्यांनी टेबलाशी उभं राहून मोजणाऱ्या माईला चपलांची नवी जोडी आणली. माई म्हणते, बायकोला दागिना आणतात तशी ती जोडी ते घेऊन आले होते.

दिवसा आप्पा आमच्या वाट्याला फार यायचे नाहीत. गॅदरिंगला ते कधी आले नाहीत. ताईच्या लग्नात अंतरपाट धरला असताना निरोप आला आणि ते गेले. वरात निघायच्या वेळी परत आले, केस ओले, हाताला साबणाचा वास. ताईला ते त्या वेळी लागलं होतं. तेराव्याच्या रात्री ती म्हणाली, "आता आठवलं की लागत नाही. ज्याच्यासाठी गेले त्याची नात माझ्या मुलीच्या वर्गात होती."

पण संध्याकाळी रोगी नसले की ते माजघरातल्या झोपाळ्यावर बसायचे आणि आम्ही भोवती. झोपाळ्याच्या कडीला दोरा बांधून त्यांनी आम्हाला एका हातानं गाठ मारायला शिकवलं. डाव्या हाताची, उजव्या हाताची. मुलगे-मुली सगळ्यांना सारखीच. त्या कडीवर दोऱ्यांच्या गाठींचा गोंडा तयार झालेला असायचा आणि आजी दर दिवाळीला तो कापून काढायची. आमच्यातला एकच डॉक्टर झाला, तोही भूल देणारा. पण बारा जणांना सर्जनची गाठ येते. कुणी पार्सलं बांधतं, कुणी पिशवीचं तोंड बांधतं. माझ्या हातून अजूनही नकळत तीच पडते.

गोष्टींतली त्यांची आवडती गोष्ट कावसजीची. टिपूशी चाललेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये 1794 च्या ऑक्टोबरात छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. आप्पा ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि एका जागी हमखास थांबायचे. "त्यानं आधी काय केलं?" आम्ही ओरडायचो, "मेणाचं माप घेतलं!" त्या कारागिरानं मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून पाहिली, मग ती कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली, आणि मगच हत्यार उचललं. "शाळेत गेला नव्हता," आप्पा म्हणायचे, "पण मापाशिवाय कातडीला हात लावायचा नाही हे त्याला कळलं होतं. सर्जरी तिथून सुरू होते."

ताईनं त्या रात्री आणखी एक सांगितलं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एका पावसाळ्यात डोंगरातून बाळंतीण आणली होती. ओढ्याला पूर, बैलगाडी अडलेली, यायला उशीर झालेला. ती वाचली नाही. मूलही नाही. ताई जागी होती. आप्पा वर आले, न जेवता. त्यांनी बॅटरी लावून आम्हाला मोजलं. जिन्यापर्यंत गेले, परत फिरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं, एकेकाच्या अंगावर हात ठेवून. सकाळी सोप्यात नेहमीसारखी रांग होती आणि आप्पा नेहमीच्या आवाजात म्हणत होते, "या, काय होतंय?"

1990 साली मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातलं ते पहिलं. आप्पा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. ते मुद्दाम मुंबईला जाऊन तसं ऑपरेशन पाहून आले. आल्यावर झोपाळ्यावर बसून लहान मुलासारखे सांगत होते. चार भोकं, पडद्यावर सगळं दिसतं, तिसऱ्या दिवशी माणूस घरी. "मी वीतभर फाडतो," ते म्हणाले. "आता ज्याला हे येतं त्याच्याकडे पाठवायचं." स्वतःकडचे रोगी ते दुसऱ्याकडे पाठवायला लागले. कंपाउंडरकाकांना ते रुचलं नाही, उत्पन्नावर परिणाम झालाच. आप्पांनी त्यांना विचारलं, "तुमच्या मुलीचं असतं तर कुठं पाठवलं असतं?"

सत्तराव्या वाढदिवसाला, 2002 मध्ये, त्यांनी हत्यारं धुऊन, पुसून, मोजून पेटीत ठेवली. हात स्थिर होते, नजर चांगली होती. "हात थरथरायची वाट बघायची नसते. तो दिवस रोग्याच्या पोटावर उगवतो," ते म्हणाले. हत्यारं त्यांनी एका तरुण सर्जनला दिली. ड्रम माईनं ठेवून घेतला. त्यात ती आता शेंगदाणे भरते.

निवृत्तीनंतर संध्याकाळी ते प्रीतिसंगमावर फिरायला जायचे. कृष्णा-कोयना मिळतात तिथं यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळच्या एका ठरलेल्या जागी बसायचे. कुणीतरी यायचं, सदरा वर करायचं. "आप्पा, ह्यो बघा तुमचा टाका." चेहऱ्यानं त्यांना माणूस ओळखू येत नसे. टाका पाहिला की मात्र सगळं आठवायचं. "अल्सर फुटला होता. गळिताचा हंगाम होता. बरोबर तुझा भाऊ होता आणि तो चक्कर येऊन पडला." माणूस हरखून जायचा. नातवंडांना वाटायचं, आप्पांच्या गावात सगळे लोक शर्ट वर करून नमस्कार करतात.

देहदानाचा अर्ज त्यांनी निवृत्त झाले त्याच वर्षी भरला. घरात थोडी रडारड झाली. आप्पा म्हणाले, "बी. जे.ला पहिल्या वर्षी मी ज्याच्या देहावर शिकलो तो बेवारस होता. वर्षभर तो माझा गुरू, आणि त्याचं नाव मला माहीत नाही. मोजीतला एक माझ्याकडून राहून गेलाय." यावर बोलण्यासारखं कुणाजवळ काही उरलं नाही.

शेवटचा महिना ते घरीच होते, सोप्यातल्या त्याच खोलीत. छातीत न्यूमोनिया, वय शहाऐंशी. त्यांना हॉस्पिटल नको होतं. आम्ही पाळीपाळीनं येत होतो. शेवटच्या दिवसांत त्यांचं भान येत-जात होतं. डोळे मिटलेले, आणि बोटं चादरीच्या काठाशी गाठी मारत असायची. एका हाताची गाठ, पुन्हा तीच, पुन्हा तीच.

जाण्याच्या आदल्या रात्री मी, ताई, डॉक्टर भाऊ आणि माई जवळ होतो. बोटं एकाएकी थांबली आणि आप्पा स्पष्ट आवाजात म्हणाले, "मोज?"

डॉक्टर भावानं आमच्याकडे पाहिलं. त्यानं आयुष्यभर त्या टेबलाच्या डोक्याशी बसून हा प्रश्न ऐकला होता, पण उत्तर देण्याचा मान त्याचा नव्हता. माई खुर्ची ओढून पुढं आली. तिनं आप्पांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"लाभ," ती म्हणाली, आणि थोरल्या दादाचं नाव घेतलं. "दोन," ताईचं. तीन, चार. एकेक नाव सावकाश, न चुकता, जशी मॉपची शेपटी हातात धरून मोजायची तसं. नववी पाटणची. मग खालची तिघं. शेवटी धाकटा, सातासमुद्रापलीकडचा.

"बारा. पुरी आहे."

आप्पांच्या कपाळावरची आठी उतरली. बोटं पुन्हा चादरीच्या काठाशी गेली.

"मग शिवतो," ते म्हणाले.